आडनाव नको, सर्वे नंबर सांगा

वाचकांचे प्रश्न : जुनी घराणी, जुने कागद

(या सदरात उत्तरं देणाऱ्या ताई तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून निवृत्त झाल्या आहेत. मोडी आणि जुनी उर्दू त्या वाचतात. पत्रलेखकांची नावं त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.)

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, राहणार औसा तालुका. आमच्या गावची पांढरी, म्हणजे वस्ती, आमच्याच पूर्वजानं बसवली, असं आमची भावकी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली. पोळ्याला वेशीतून पहिला बैल आमचा जातो. आता दुसरी भावकी म्हणायला लागली की मान मूळचा आमचा, तुम्ही मागून आलात. माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याच्या शेजाऱ्यानं म्हणे जनगणनेचे जुने कागद आणि जमिनीची खतं जुळवून 1850 पर्यंतचे पूर्वज काढले. त्या भागात पहिल्यांदा नांगर धरला ते घराणं त्यांचंच, हे त्यानं सिद्ध केलं. पुतण्या म्हणतो, काका, आपणही जनगणना बघू. अर्ज कुठं करायचा ते सांगावं.

उत्तर : गुरुजी, जनगणनेसाठी अर्ज करूच नका. कोर्ट फीचा स्टॅम्प वाया जाईल.

पुतण्या सांगतो ते त्या देशापुरतं खरं आहे. तिथं 1850 च्या गणनेपासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र, म्हणजे गुलाम नसलेल्या, माणसाचं नाव लिहिलं गेलं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे आकडे. 72 वर्षं झाली की ते तक्ते लोकांना खुले होतात. 1950 च्या गणनेचे तक्ते 1 एप्रिल 2022 ला उघडले. तरी त्यांच्याकडेही मोठं भगदाड आहेच. 1890 चे बहुतेक तक्ते 1921 च्या आगीत आणि त्यानंतरच्या हेळसांडीत गेले.

आपल्याकडं कायदाच उलटा. 1948 च्या जनगणना कायद्याचं कलम 15 सांगतं की गणनेच्या नोंदी कुणाला बघायला मिळणार नाहीत आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. निजामाच्या राज्यात पहिली गणना 1881 ची. त्या गणनांची छापील पुस्तकं मिळतात, पण त्यात आकडे असतात, माणसं नसतात. तुमच्या पणजोबांना त्या शिरगणतीत कुणीतरी नक्की मोजलं असेल, पण नाव काही हाती लागायचं नाही. आकड्यांचा उपयोग एवढाच की काळ समजतो. राज्याची लोकसंख्या 1891 ला सुमारे 1 कोटी 15 लाख होती, 1901 ला ती 1 कोटी 11 लाखांवर आली. मधे 1899-1900 चा दुष्काळ. तुमच्या भावकीतली एखादी शाखा त्याच सुमाराला कागदावरून एकदम नाहीशी झाली, तर आधी या दुष्काळाचा विचार करा. भाऊबंदांनी हाकललं, ही गोष्ट बहुधा मागाहून रचलेली असते.

एक पळवाट मात्र आहे. फेब्रुवारी 1951 च्या गणनेच्या वेळी चिठ्ठ्यांवरून गावोगाव नागरिकांची राष्ट्रीय नोंदवही उतरवून काढली होती. तिच्यात घरवार सगळी माणसं आहेत. नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, शिक्षण, धंदा. ज्या तहसिलात ती जपून राहिली, तिथं अर्ज करून पाहता येते. तुमच्या गावची वही मिळाली तर तुम्हाला जनगणनेतून जे हवंय त्यातलं बरंचसं तिथंच आहे. फक्त वयावर विसंबू नका. आपली माणसं तेव्हा चाळीस, पन्नास, साठ अशीच वयं सांगायची. सदुसष्ट वर्षांचा माणूस त्या वहीत शोधून सापडत नाही.

आता खतांकडे येऊ. पुतण्याच्या शेजाऱ्यानं आडनाव धरून शोध घेतला असेल, कारण तिथं खतांच्या सूच्याच नावांवर लावलेल्या असतात. विकणाऱ्यांची वेगळी, घेणाऱ्यांची वेगळी. तुम्ही आडनाव धरून बसलात तर दोन पिढ्यांत वाट बंद होईल. निजामी कागदात आडनाव क्वचित. माणूस लिहिला जातो तो ‘अमुक वल्द तमुक, कौम अमकी, साकिन अमकं गाव’ असा. वल्द म्हणजे मुलगा, कौम म्हणजे जात, साकिन म्हणजे राहणार. एका गावात त्याच नावाचे, त्याच बापाच्या नावाचे दोघं-तिघं निघतात, आणि एखादा देवाच्या नावाचा असला तर विचारूच नका. म्हणून माझ्याकडे जो येतो त्याला मी पहिलं हेच विचारते : आडनाव नको, सर्वे नंबर सांगा. माणूस नाव बदलतो, दत्तक जातो, गाव सोडतो. शेत जागचं हलत नाही.

तेव्हा उलट्या दिशेनं चाला. आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. तालुक्याच्या मोजणी ऑफिसात, म्हणजे भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडे, एकत्रीकरणाचे कागद मागा. कोणत्या जुन्या सर्वे नंबरांचा हा गट झाला ते त्यात कळेल. मग तहसिलातून त्या सर्वे नंबरांचे जुने फेरफार काढा. त्यामागे 1954-55 चं खासरा पत्रक, त्याच्या आगेमागे पाहणी पत्रकं आणि क-पत्रक. यातला प्रत्येक कागद तुम्हाला एक नाव आणि एक बाप देईल. तो बाप पुढच्या जुन्या कागदात मुलगा म्हणून सापडला पाहिजे. सापडला नाही तर तिथंच थांबायचं. उडी मारायची नाही. उडी मारून थेट देवगिरीच्या यादवांपर्यंत पोचलेल्या वंशावळी मी पुष्कळ पाहिल्यात.

एका गोष्टीची सवय करून घ्या. 1317 फसलीचा, म्हणजे 1907 चा, हैदराबाद जमीन महसूल कायदा पट्टेदार आणि शिकमीदार असा भेद करतो. सरकारात सारा भरण्याची जबाबदारी ज्याच्या नावावर तो पट्टेदार. बहुतेक वेळा थोरला भाऊ. धाकटे भाऊ शिकमीदार, ते शेत कसायचे, हिस्सा खायचे, पण मुख्य रकान्यात त्यांचं नाव नसायचं. त्यामुळे ‘आमच्या आजोबांचं नाव नाही, म्हणजे जमीन चुलत्यानं लाटली’ हा निष्कर्ष लगेच काढू नका. यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या लागलेल्या मी नोकरीत रोज बघत होते.

घरातल्या पेटीत एखादं खरेदीखत, गहाणखत किंवा वाटणीपत्र असेल तर ते कसं वाचायचं तेही सांगते. मागे एका वाचकानं आपल्या घरचं खत पाठवलं होतं, निजामी स्टॅम्पावरचं, मजकूर मोडीत, वर तारीख-रकमेची एक ओळ उर्दूत. घरचे सगळे घेणाऱ्याचं नाव बघून खूश होते. मी आधी चतुःसीमा वाचली. पूर्वेला ओढा. दक्षिणेला गावठाणाची वाट. पश्चिमेला विकणाऱ्याच्या चुलतभावाचं शेत, आणि उत्तरेला ‘घेणार याचे वडिलोपार्जित शेत’. हे शेवटचे चार शब्द सगळ्या खतात मोलाचे होते. म्हणजे हे खत होण्याआधीपासून घराणं त्या शिवारात होतं आणि किमान एका पिढीमागून जमीन चालत आली होती. घरच्यांची समजूत अशी की पणजोबा बाहेरून आले आणि हे पहिलं शेत घेतलं. खाली साक्षीदारांत घेणाऱ्याच्या मामाचं नाव, गावासह. त्या गावावरून पणजीचं माहेर लागलं. स्टॅम्पाच्या पाठीवर विकणाऱ्या दुकानदाराचा शेरा होता : अनुक्रमांक, तारीख, कुणाच्या हाती दिला. स्टॅम्प घेतला होता घेणाऱ्याच्या थोरल्या भावानं. असा भाऊ होता हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून खत आलं की शेजारी, साक्षीदार, लिहिणारा, स्टॅम्प घेणारा, सगळी नावं वहीत उतरवा. शेजाऱ्याच्या खतात तुमचं शेत चतुःसीमेत येतं. तुमच्या घरचा कागद वाळवीनं खाल्ला असला तरी त्याच्या घरचा राहिलेला असू शकतो. आणि त्यासाठी त्या दुसऱ्या भावकीशी बोलणं ठेवावं लागेल, गुरुजी.

राहिला पांढरी बसवण्याचा मुद्दा. गाव कुणी बसवलं हे सांगणारा कागद सहसा त्या वेळचा नसतोच. तो पुढं कधीतरी भांडण झालं तेव्हाचा असतो. पाटीलकीचा तंटा गोतसभेपुढं, म्हणजे गावकरी-भाऊबंदांच्या सभेपुढं, गेला की दोन्ही बाजू आपापली हकिकत लिहून देत, जुनी माणसं साक्ष देत आणि निवाड्याचा महजर, म्हणजे लेखी निवाडा, होई. खाली पाटलाची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, अशा बलुतेदारांच्या निशाण्या. दुसरा कागद थळझाड्याचा. जुन्या मिरासदारांच्या, म्हणजे पिढीजात मालकांच्या, जमिनींची थळं (तुकडे) त्यात लिहिलेली असतात आणि जी घराणी नाहीशी झाली त्यांच्यापुढं ‘गतकुळ’ असा शेरा असतो. तुमच्या गावचा असा कागद मिळाला तर दोन्ही भावक्यांच्या आधी तिथं तिसरंच कुणी होतं, असं निघायची तयारी ठेवा. असे कागद पाटील-कुलकर्ण्यांच्या, देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यात निघतात, काही पुण्याच्या पुरालेखागारातल्या पेशवे दप्तरात आणि छत्रपती संभाजीनगरच्या पुरालेखागारात शोधावे लागतात. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल तर मुंतखब विचारा. इनामाची चौकशी होऊन जो निर्णय दिला जाई त्याचा तो उतारा. वारसाचं प्रकरण झालं असेल तर सोबत शिजरा, म्हणजे वंशवृक्ष, जोडलेला असतो आणि तो सरकारनं तपासलेला असतो. हे दप्तर बरंचसं हैदराबादला तारनाक्याच्या अभिलेखागारात आहे.

आणि गाव दिवाणी (थेट सरकारचं) होतं, जहागिरीचं, पायगाचं (निजामाच्या पायगा सरदारांचं) की सर्फ-ए-खासचं (निजामाच्या खाजगीतलं), हे आधी विचारून घ्या. 1949 मध्ये जहागिरी गेल्या. तोवर जहागिरीच्या गावाचं दप्तर जहागीरदाराच्या कचेरीत असायचं, ते सगळंच सरकारजमा झालं असं नाही.

पोळ्याचा बैल यातून ठरणार नाही. कागद मालकी सांगतो, क्रम सांगतो. मान गाव देतं.

प्रश्न : ताई, मी उदगीरचा. लातूरला खेटे घातले, धाराशिवला गेलो. दोन्हीकडे एकच उत्तर : ‘1956 च्या आधीचं आमच्याकडं काही नाही.’ मग आमचा आजा काय आभाळातून पडला का?

उत्तर : दादा, ते खोटं बोलत नाहीत. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके 1956 पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. राज्यांची फेररचना झाली तेव्हा ते उस्मानाबादला जोडले आणि 1982 मध्ये लातूर जिल्हा निघाला तेव्हा लातुरात आले. दप्तरं माणसांच्या मागं वेळेवर येत नाहीत. काही आली, काही बिदरलाच राहिली. बिदरला जा. तिथं कानडी आली नाही तरी चालेल, तुमचे कागद उर्दूत आणि मोडीतच असणार.

हाच घोळ इतरांनाही होतो, म्हणून इथंच सांगून टाकते. किनवटवाल्यांनी आदिलाबाद विसरू नये. परतूरवाल्यांनी 1981 च्या आधीचं परभणीला बघावं, हिंगोलीकरांनी 1999 च्या आधीचं तिथंच. अंबाजोगाईच्या कागदावर गावाचं नाव मोमिनाबाद असेल. धाराशिव आधी नळदुर्ग जिल्हा म्हणून चालायचं, आणि 1853 ते 1860 हा मुलूख इंग्रजांकडे होता, म्हणजे त्या सात वर्षांचे कागद निजामी दप्तरात नाहीत म्हणून घाबरायचं कारण नाही.

प्रश्न : आजोबांच्या खरेदीखतावर ‘15 तीर 1342 फसली’ आणि किंमत ‘350 हाली’ आहे. म्हणजे नेमकं कधी आणि किती? (जालना)

उत्तर : 1933 चा मे महिना, आणि इंग्रजी कलदार रुपयांत 300. निजामी फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं. तिथून डिसेंबरअखेरपर्यंत 590 मिळवा, जानेवारीपासून 591. हाली म्हणजे निजामाचा रुपया, सात हालीचे सहा कलदार होत. रक्कम आकड्यात न लिहिता वेलबुट्टीसारख्या चिन्हांत लिहिली असेल तर ती सियाक लिपी आहे, तिला स्वतंत्र जाणकार लागतो. 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं, तेव्हा अभिलेख कक्षातले कित्येक बस्ते उघडले आणि मोडी-उर्दू वाचणाऱ्यांना एकाएकी भाव आला. तुमच्या तहसिलात चौकशी करा, कुणीतरी नक्की असेल. त्या वेळी हाताळलेल्या बऱ्याच नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवरही टाकल्या आहेत. तुम्ही कुणबी असा-नसा, गावचे जुने कागद कसे दिसतात ते बघायला त्या चांगल्या.

प्रश्न : जयभीम ताई. मी परभणी जिल्ह्यातला. तुमच्या सदरात सगळे पाटील-देशमुख दिसतात. आमच्या घरी ना खत, ना सनद. आजोबांच्या वडिलांपर्यंत गावात महारकी होती. माझी मुलगी विचारते, आपण या गावात कधीपासून? मी काय सांगू?

उत्तर : जयभीम दादा. तुमचं म्हणणं बरोबर आहे. ज्याच्याकडे जमीन त्याचा कागद, असंच सगळं दप्तर आहे. पण गावात सगळ्यांत जुनं कोण, हा प्रश्न निघाला की जुन्या काळी लोक तुमच्याच पूर्वजांकडे जायचे. शिवेचा तंटा झाला की शीव चालून दाखवायचा मान महाराचा. त्यानं दाखवली ती शीव. असे शिवेचे महजर लिहिले गेलेत आणि त्यात शीव चालणाऱ्याचं नाव येतं, कधी बापाच्या नावासकट. म्हणून आपल्या गावच्या नव्हे, शेजारच्या गावांच्या सीमावादाचे कागद विचारा. जिथं दोन गावं भांडली, तिथं तुमचा पूर्वज कागदावर उभा राहिलेला असतो.

दुसरं, हाडकी-हाडवळ्याच्या, म्हणजे महारकीबद्दल मिळालेल्या, इनाम जमिनी. त्या बहुधा समस्त मंडळींच्या नावे सामाईक असायच्या, म्हणून आजोबांचं एकट्याचं नाव शोधाल तर हाती काही लागणार नाही. त्या सर्वे नंबराचे फेरफार बघा. इनामं खालसा होऊन जमीन वाटून देताना प्रत्येक हिस्सेदाराचं नाव लिहावं लागलं. त्या एका फेरफारात तुमच्या सगळ्या भावकीची यादी मिळेल. बिदरच्या बादशहानं महारांना बावन्न हक्क दिले, ती आपल्याकडची कथा आहे. ती कथा म्हणून मुलीला अवश्य सांगा, पण तिचा लेख म्हणून कुणी कागद विकायला आणला तर घेऊ नका.

तिसरं, शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. जमीन नसलेल्यांसाठी याच्याइतका भरवशाचा कागद दुसरा नाही. मुलाचं नाव, बापाचं नाव, गाव, जात, जन्मतारीख. गावची शाळा नंतरची असेल तर तालुक्याच्या जुन्या शाळेत बघा. घरातलं कुणी संभाजीनगरला मिलिंद महाविद्यालयात शिकलं असेल तर तेही सांगा. बाबासाहेबांनी ते 1950 मध्ये सुरू केलं, आणि मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर तिथलाच. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर काही कागदांवर ‘बौद्ध’, काहींवर जुनी जात, अशा दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या मिळतील. दोन्ही जपा.

1951 ची नोंदवही वर सांगितलीच आहे. तिच्यात जमीन असो नसो, सगळे आहेत. तुमच्या वस्तीची घरं बहुतेक शेवटच्या पानांवर असतील. मोजणारा कुठून निघाला आणि कुठं पोचला तेवढं त्यावरूनही कळतं.

प्रश्न : मावशी, मी केज तालुक्यातली, एम.ए. करते. मला वडिलांकडचं नको, आईच्या आईकडचं घराणं शोधायचं आहे. घरात सगळे हसतात. म्हणतात, बायकांची कुठं वंशावळ असते का?

उत्तर : हसू दे. पोरी, भांडणाचा कागद शोध. बाईचं नाव दप्तरात येतं ते तीन-चार प्रसंगी : नवरा मेला आणि मूल लहान होतं, मूलच नव्हतं आणि दत्तक घ्यायचं होतं, बापानं लेकीला जमीन बक्षीस दिली, किंवा दिरांनी हिस्सा नाकारला. उर्दू कागदात ती ‘मुसम्मात’ म्हणून येते, पुढं ‘बेवा’ (विधवा) किंवा ‘जौजे’ (बायको) आणि नवऱ्याचं नाव. वारसाच्या प्रकरणात तिचा जबाब घेतलेला असेल तर तो आधी वाच. माहेर, लग्नाला किती वर्षं झाली, पोरं किती झाली, किती गेली, सगळं सांगितलेलं असतं. पुरुषांच्या जबाबात हे नसतं, ते क्षेत्र आणि आकार (सारा) सांगून मोकळे.

तुझ्या आजीच्या पिढीसाठी सोपी वाट आहे. हिंदू वारसा कायदा 1956 चा. त्यानंतर बाप वारला की लेकींची नावं फेरफाराला लागायला लागली, आणि लगोलग भावांनी त्यांच्याकडून हक्कसोडपत्रं करून घेतली. त्याबद्दल मला काय वाटतं ते इथं लिहीत नाही. पण हक्कसोडपत्रात सगळ्या बहिणींची नावं, वयं आणि सासरची गावं असतात. दुय्यम निबंधकांकडे गावाचं नाव आणि गट नंबर घेऊन जा, सूची क्रमांक दोन उघडायला सांग. ती मिळकतीवर लावलेली असते. नावाची सूची वेगळी, क्रमांक एक.

आणखी एक, आजीच्या माहेरची माणसं पैठणला, त्र्यंबकेश्वरला किंवा पंढरपूरला गेली असतील तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्या असतात. गाव आणि कुळ सांगितलं की ते पान काढतात. यात बायका बहुधा ‘सौभाग्यवती’ इतक्याच येतात, पण कोण कुणाचा मुलगा हे पक्कं लागतं. आजी हयात असेल तर हे सगळं नंतर. आधी तिच्यापुढं मोबाइल ठेव आणि तिच्या आत्यांची नावं विचार. काका-मामा सगळे सांगतात, आत्या कुणी विचारत नाही, आणि दुसऱ्या गावात कागद कुणाकडं शोधायचा ते आत्यांवरून कळतं.

प्रश्न : एक गृहस्थ आमच्या आडनावाची ‘राजघराण्यापासूनची’ वंशावळ ताम्रपटावर कोरून देतो म्हणतात. चिन्ह, कुलदैवत, गोत्र सगळं देणार. करून घ्यावी का? (नांदेड)

उत्तर : भिंतीवर छान दिसेल. वंशावळ हवी असेल तर त्यांना एकच विचारा : तुमच्या पणजोबांचा सर्वे नंबर कोणता? पुढचा फोन येणार नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत निजामी स्टॅम्पावरची चार-पाच खतं निघाली. घड्यांवर फाटायला लागलीत. लॅमिनेशन करून घेऊ का? (गंगाखेड)

उत्तर : नका हो नका. गरम प्लास्टिक एकदा चिकटलं की कागदापासून परत निघत नाही, शाई आतल्या आत उडते आणि पाठीवरचा शेरा तपासायची वेळ आली तर काहीच करता येत नाही. सेलोटेपही नको. तो पिवळा पडतो, डिंक कागदात उतरतो आणि घडीवरची नेमकी तीच ओळ जाते.

घड्या उलगडून कागद सपाट ठेवा. जोर लावू नका, उलगडत नसेल तर तसाच राहू द्या. खिडकीशी दिवसाच्या उजेडात फ्लॅश न मारता दोन्ही बाजूंचे फोटो काढा, पाठ कोरी दिसली तरी काढा. फोटो घरातल्या तिघा-चौघांकडे पाठवून ठेवा. मग धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी, जमिनीपासून वर. देवघरात ठेवू नका, तिथं तेल आणि उदबत्ती. वर्षातून एकदा उघडून वाळवी बघा, दिवाळीची आवराआवर निघते तेव्हा आठवण राहते. कुणाला वाचायला दाखवायचं असेल तर मूळ कागद देऊ नका, नक्कल द्या. आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा सगळ्या खतांच्या चतुःसीमा उतरवून पाठवा, मजकूर नाही पाठवला तरी चालेल.